मराठी अक्षरं आणि सार्वजनिक भांडार



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मयावर, नाटकावर, तापीकाठच्या बोलीवर जाणकार मंडळी बोलून गेली. त्या रांगेत लोधीपुऱ्यातल्या एका होमिओपॅथीच्या डॉक्टरला उभं करून मंडळानं धाडसच केलं आहे. त्यातून माझा विषय संगणकाचा. मी बीएचएमएस आहे, अभियंता नाही. पण गेली दोन वर्षं मी एका कामात गुंतलो आहे. ते काम आपल्या मंडळाचंच आहे, आणि आता ते अशा जागी येऊन थांबलं आहे की पुढचं पाऊल या सभागृहात बसलेल्या काही घरांच्या हातात आहे. म्हणून हा विषय घेतला.

झालं असं. आपल्या व्याख्यानमालेच्या जुन्या पुस्तिकांतून एक निवडक संग्रह काढायचं कार्यकारिणीनं ठरवलं आणि ते माझ्या गळ्यात घातलं. छापील पुस्तिका काही घरांतून मिळाल्या, काहींना वाळवी लागली होती, काहींची शेवटची पानं गेली होती. तरी आम्ही निर्धास्त होतो. १९९८ पासूनची व्याख्यानं संगणकावर जुळवलेली होती आणि त्यांच्या सीडी मंडळाच्या कपाटात नीट ठेवलेल्या होत्या. सीडी लावल्या, फायली उघडल्या. पडद्यावर आलं ते मराठी नव्हतं, हिंदी नव्हतं आणि इंग्रजीही नव्हतं. रोमन अक्षरं, कंस, डॉलरची खूण, मधेच एखादा टिंब. आपल्या एका दिवंगत व्याख्यात्यांची मुलगी वडिलांचं भाषण मागायला आली होती. तिला मी त्या पानाची छापील प्रत दाखवली. ती म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हे तर तुमचं प्रिस्क्रिप्शनच दिसतंय." आम्ही दोघं हसलो, पण ती गेल्यावर मला बरं वाटलं नाही. भाषण तिथंच होतं. एक अक्षरही पुसलं गेलं नव्हतं. तरी ते कुणाला वाचता येत नव्हतं.

हे का होतं, ते माझ्या दवाखान्यातल्या उदाहरणानं सांगतो. फार वर्षांपूर्वी माझ्याकडे एक हुशार कंपाउंडर होता. वेळ वाचावा म्हणून त्यानं बाटल्यांच्या बुचांवर औषधांच्या नावांऐवजी आकडे घातले. सतरा म्हणजे अमुक, बावीस म्हणजे तमुक. किल्ली एका वहीत. काम झपाट्यानं होऊ लागलं. पुढे तो नोकरी सोडून गेला आणि सामानाबरोबर ती वहीही गेली. मी कपाटासमोर उभा राहिलो. बाटल्या भरलेल्या, औषध चांगलं, आणि मला एकही पुडी बांधता येईना.

जुने मराठी फॉन्ट असेच होते. संगणकाच्या एका फॉन्टमध्ये तेव्हा दोनशे छप्पन खण असत. ते मुळात रोमन अक्षरांसाठी ठरलेले. आपल्याकडच्या मंडळींनी त्याच खणांत देवनागरीचे तुकडे बसवले: कुठे अर्धा क, कुठे काना, कुठे रफार. हा प्रत्येक फॉन्टवाल्यानं आपापल्या सोयीनं केला. त्यामुळे एकाचा "म" दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये "ळ" दिसे. फॉन्ट म्हणजे ती किल्लीची वही. वही हरवली की भाषण गेलं.

यावर उपाय निघाला तो युनिकोडचा. जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक. तो कुठल्या दुकानाचा नाही, कुठल्या कंपनीचा नाही. भारतीय मानक ब्यूरोनं भारतीय लिप्यांसाठी असाच एक तक्ता १९९१ मध्ये प्रमाण केला होता. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच, आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी त्या भारतीय तक्त्याच्या १९८८ च्या रूपावर बेतलेली आहे. आज तुमच्या मोबाईलवर मराठी संदेश येतो तो याच क्रमांकांनी.

आता इथे आपल्या बुऱ्हाणपूरच्या माणसाला एक गोष्ट विशेष लागते. युनिकोड अक्षराला क्रमांक देतं, वळण देत नाही. "ल" चा क्रमांक मराठीत आणि हिंदीत एकच. पण आपल्या आजी-आजोबांनी पाटीवर गिरवलेला ल पाकळ्यांचा, आणि आपली नातवंडं हिंदी शाळेत गिरवतात तो दांड्याला टेकलेला. "श" चं तसंच. महाराष्ट्र शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही मराठीची प्रमाण रूपं म्हणून सांगितली. आपण मध्य प्रदेशात राहतो, तो निर्णय आपल्याला लागू नाही. पण घरातल्या लग्नपत्रिकेवर, देवघरातल्या पोथीवर आपल्याला कोणता ल हवा, हा प्रश्न आपलाच आहे.

तिसरी गोष्ट अर्ध्या र ची. "दर्या" म्हणजे समुद्र आणि "दऱ्या" म्हणजे डोंगरांमधल्या खोलगट जागा. रफार आणि तो आडवा, पापणीसारखा र, एवढाच फरक. "आचार्यांनी" आणि "आचाऱ्यांनी" यांत गुरुजी आणि स्वयंपाकी एवढं अंतर आहे. हा पापणीचा र हिंदीला फारसा लागत नाही. म्हणून हिंदीसाठी बनवलेल्या साधनांत तो बरेचदा विसरला जातो. त्याची आठवण ठेवायला मराठी माणूसच लागतो.

आता लोहितची गोष्ट सांगतो, कारण माझ्या आजच्या विषयाचा तो खरा नमुना आहे. रेड हॅट ही लिनक्सचं काम करणारी कंपनी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं तिच्यासाठी काही भारतीय लिप्यांचे फॉन्ट तयार केले आणि २००४ मध्ये ते मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले झाले. नाव लोहित, म्हणजे तांबडा. लाल टोपीच्या कंपनीला शोभणारं. पुढे २०११ मध्ये त्यांचा परवाना बदलून ओपन फॉन्ट लायसन्स हा खास फॉन्टसाठी लिहिलेला परवाना लावण्यात आला. या परवान्यात फॉन्ट कुणीही वापरावा, सुधारावा, इतर सॉफ्टवेअरबरोबर विकावाही. मात्र मूळ कर्त्यानं नाव राखून ठेवलं असेल, तर सुधारलेल्या फॉन्टला तेच नाव देता येत नाही. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. औषध बदललंत तर लेबलही बदला.

मधल्या काळात देवनागरी वापरणाऱ्या भाषांसाठी एकच समाईक लोहित देवनागरी झाला. मराठी वळणं त्याच्या पोटात होती, पण मजकूर मराठी आहे असं संगणकाला वेगळं सांगावं लागे. बहुतेक जण सांगत नाहीत. म्हणून पुढे मराठीचा लोहित पुन्हा वेगळा काढण्यात आला. आज डेबियन नावाच्या लिनक्सच्या भांडारात लोहित देवनागरी आणि लोहित मराठी ही दोन वेगळी पॅकेजं आहेत. इंदूरला असो की टोरंटोला, डेबियनचा संगणक असलेला माणूस एक ओळ टंकतो आणि पाकळीचा ल त्याच्या घरी येतो. पैसे नाहीत, परवानगी नाही, आणि पेन ड्राइव्ह घेऊन कुणाच्या दारात उभं राहणं नाही.

हे भांडार म्हणजे काय? आपल्याला त्यासाठी लांब जायला नको. खानखाना अब्दुर्रहीम यांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, आपल्या गावासाठी कुंडी भंडारा झाला. सातपुड्यात मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून कुंडी-कुंडीनं, नुसत्या उतारावर वाहत शहरात आणलं. पाणी डोंगरात होतंच. पण डोंगरात पाणी असून शहराची तहान भागत नाही. मधल्या वाटेची कुणीतरी कायमची देखभाल करावी लागते.

सॉफ्टवेअरचं असंच. ते लिहिणारा माणूस म्हणजे उगम. त्याचा आणि तुमच्या संगणकाचा संबंध नाही. त्यानं लिहिलेलं घ्यायचं, तपासायचं, बाकीच्या हजारो गोष्टींशी जुळवून घ्यायचं, नीट पुडी बांधून तिच्यावर लेबल लावायचं आणि भांडारात ठेवायचं, हे वेगळ्याच माणसाचं काम. त्याला पॅकेज सांभाळणारा म्हणतात. मी त्याला कंपाउंडर म्हणतो. पुतण्याला ते आवडत नाही.

डेबियन हा प्रकल्प इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये सुरू केला. नाव त्यांचं आणि त्यांच्या तेव्हाच्या मैत्रिणीचं, डेब्रा आणि इयन यांचं मिळून. ही कंपनी नाही. जगभरातले स्वयंसेवक ती चालवतात. त्यांनी १९९७ मध्ये एक सामाजिक करार मान्य केला, आणि मुक्त सॉफ्टवेअर कशाला म्हणायचं याच्या कसोट्या त्यातच लिहून ठेवल्या. उबुंटू याच भांडारातून पाणी घेते. आपल्या सरकारी सी-डॅक संस्थेची बॉस नावाची भारतीय प्रणाली, जी २००७ मध्ये आली, तीही डेबियनवरच उभी आहे. म्हणजे एका कुंडीत टाकलेलं पुढे बऱ्याच नळांना पोचतं.

आता आमचं काम. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा इंदूरला संगणकाच्या नोकरीत आहे. त्यानं मंडळाच्या सीडी पाहिल्या आणि म्हणाला, "काका, किल्ली परत तयार करता येईल." त्यानं एक छोटा प्रोग्राम लिहिला: जुन्या फॉन्टमधला मजकूर घ्यायचा आणि युनिकोड करून द्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते म्हणून आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. "धर्म" मधला रफार म वर दिसतो म्हणून म नंतर टंकलेला असतो, युनिकोडमध्ये तो म च्या आधी हवा. नुसती अक्षरं बदलून भागत नाही, क्रमही लावावा लागतो.

पहिल्या फेरीत आपल्या एका व्याख्यानातल्या "सातपुड्याच्या दऱ्यांतून" याचं "सातपुड्याच्या दर्यांतून" झालं. सातपुड्यात समुद्र आला. दुसऱ्या एका व्याख्यानात लग्नाच्या पंगतीचं वर्णन होतं, तिथे साक्षात आचार्यांनी बुंदी पाडली. हसू नका, हे दोन आठवडे मला दिसलंच नव्हतं. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी ते पकडलं.

दुरुस्त झाल्यावर पुतण्यानं प्रोग्राम गावातल्या दोन छपाईवाल्यांना पेन ड्राइव्हवर दिला. सहा महिन्यांनी बघतो तर त्याची तीन रूपं झालेली. एकात दऱ्या बरोबर, दुसऱ्यात ळ चुकलेला, तिसऱ्यात कुणीतरी स्वतःच्या दुकानाचं नाव घातलेलं. कोणतं खरं, हे सांगायला कुणी नाही. तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, हे असंच चालू ठेवलं तर पाच वर्षांनी पुन्हा कपाटासमोर उभे राहाल. हे अधिकृत भांडारात गेलं पाहिजे."

ते कसं जातं, ते थोडक्यात सांगतो. आधी जाहीर करायचं की मी अमुक वस्तूची पुडी बांधणार आहे. या घोषणेला क्रमांक मिळतो, म्हणजे दोघांनी तेच काम करू नये. मग मूळ प्रोग्रामबरोबर एक ठरलेली फाइलींची चळत जोडायची. एकीत नाव, वर्णन आणि याला आणखी काय काय लागतं त्याची यादी. दुसरीत कृती, म्हणजे मूळ मजकुरापासून चालती वस्तू कशी बनवायची. तिसरीत रोजनिशी: कुठल्या दिवशी काय बदललं आणि कुणी. चौथीत हक्क: यातली प्रत्येक फाइल कुणी लिहिली आणि कोणत्या परवान्यानं दिली. त्यावर एक यंत्र तपासणी करतं आणि चुकांची लांबलचक यादी हातात ठेवतं. आमच्या पहिल्या यादीकडे बघून मला एमबीबीएसवाल्यांकडून आलेल्या पॅथॉलॉजी रिपोर्टची आठवण झाली. सगळं लाल.

एवढं झालं तरी नवा माणूस स्वतः भांडारात काही ठेवू शकत नाही. डेबियनच्या जुन्या, मान्य सदस्यांपैकी कुणीतरी ते तपासून आपल्या सहीनं चढवावं लागतं. ही सही संगणकी असते. आणि ती सही खरंच त्याच माणसाची आहे, याची खात्री सदस्य एकमेकांना प्रत्यक्ष भेटून, ओळखपत्र पाहून करत आले आहेत. इतक्या आधुनिक कारभाराच्या मुळाशी आपली सोयरिकीची रीत आहे: ओळखीच्या माणसानं हमी द्यायची. डेबियनची वार्षिक जागतिक परिषद सप्टेंबर २०२३ मध्ये प्रथमच भारतात, कोचीला झाली. तिथेही अशा गाठीभेटी झाल्या असतील.

सहीनंतर नव्या पॅकेजांची रांग. तिथे भांडाराचे रखवालदार बसलेले असतात, आणि ते मुख्यतः परवाने तपासतात. तिथून पास झालं की वस्तू "अस्थिर" दालनात जाते. काही दिवस मोठी तक्रार आली नाही तर "चाचणी" दालनात. आणि साधारण दोन वर्षांनी सगळं गोठवून "स्थिर" आवृत्ती निघते. बारावी जून २०२३ मध्ये निघाली, तेरावी ऑगस्ट २०२५ मध्ये. ती गाडी आमची चुकली.

का चुकली? इथे माझी चूक आहे आणि ती मला आज कबूल करायची आहे.

पुतण्यानं ज्या सदस्याला सहीसाठी विनंती केली होती, त्यांनी तीन हरकती काढल्या. पहिली: अक्षरांचा तक्ता कुठून आणला? तो एका जुन्या टंकलेखकाच्या डिस्कवरून आलेला, त्याला तो आणखी कुणाकडून मिळालेला. कर्त्याचं नाव नाही, परवाना नाही. म्हणजे तो चालणार नाही. मग आम्ही तो तक्ता टाकून दिला आणि छापील पुस्तिका एका हाताला, ती अगम्य पानं दुसऱ्या हाताला ठेवून, एकेक खूण जुळवत नवा केला. थंडीचे दोन महिने गेले. ते काम मला आवडलं. केस घेताना लक्षणं जुळवतो तसंच.

दुसरी हरकत परवान्याची. प्रोग्रामवर मी हट्टानं एक ओळ लिहायला लावली होती: "केवळ मराठीच्या सेवेसाठी व शैक्षणिक उपयोगासाठी. विक्रीस मनाई." मला वाटलं, यात वाईट काय आहे? उत्तर आलं की अशी अट असेल तर ते मुक्त सॉफ्टवेअर नाही. डेबियनच्या कसोटीप्रमाणे कुठल्याही माणसाला आणि कुठल्याही कामाला मज्जाव करता येत नाही. व्यापाऱ्यालाही नाही. मला राग आला. मी पुतण्याला म्हणालो, "अरे, आम्ही दोन महिने डोळे फोडले, आणि उद्या कुणी दुकानदार हे विकून पैसे करणार?" तो शांतपणे म्हणाला, "काका, विकू दे. बाजूला भांडारात फुकट मिळत असताना तो किती विकणार? आणि तुमच्या अटीमुळे छपाईवाल्यांनाच ते वापरता येणार नाही. ते तर पोटासाठी छापतात."

मी काही दिवस गप्प होतो. मग मला मूडबिद्री आठवली. आम्हा जैनांचे षट्खंडागमावरची धवला आणि कसायपाहुडावरची जयधवला हे ग्रंथ. त्यांच्या प्राचीन ताडपत्री प्रती कर्नाटकात मूडबिद्रीच्या बसदीत होत्या. शतकानुशतकं यात्रेकरू जात, त्यांचं दर्शन घेत आणि परत येत. वाचन नाही, नक्कल नाही. ठेवणाऱ्यांची भक्ती खरी होती. त्यांनीच ते ग्रंथ राखले, हे विसरता येणार नाही. पण ताडपत्राला भक्ती समजत नाही, ते झिजतच असतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी नकला करवून घेण्याची खटपट केली. ते काम कित्येक वर्षं चाललं. आणि १९३९ मध्ये आपल्या जवळच्या अमरावतीहून डॉ. हिरालाल जैन यांनी संपादलेला पहिला खंड छापून निघाला. १९५८ पर्यंत सोळा खंड झाले. आज कुणीही ते घेऊ शकतो. कुणी दुकानदार विकतही असेल. त्यानं धवलेचं काही कमी झालं का? ठिकठिकाणी प्रती पोचल्या म्हणून तर पाठ ताडून पाहता आला.

आमच्याकडे श्रुतपंचमीला शास्त्रं बाहेर काढतात, धूळ झटकतात, वेष्टनं बदलतात. लहानपणी आजोबांबरोबर मी ते केलं आहे. वेष्टनाच्या चिठ्ठीवर ग्रंथाचं नाव असे. पोथीच्या अखेरीस लिपिकाराचं नाव, साल, कुणासाठी लिहिली, हे असे. "विकू नये" असं लिहिलेलं मला आठवत नाही. कुणी लिहिलं ते मात्र कुणी पुसत नसे. डेबियनची ती रोजनिशी आणि हक्कांची फाइल म्हणजे तेच. देताना नाव राखायचं आणि वाट मोकळी ठेवायची. मी ती ओळ काढायला सांगितली. तोवर तेराव्या आवृत्तीचं दार बंद झालं होतं.

तुम्ही विचाराल, एवढ्या उठाठेवीचा उपयोग किती जणांना? तुमचा प्रश्न रास्त आहे. आपल्यापैकी बहुतेकांकडे मोबाईल आहे, त्यावर यातलं काही दिसणार नाही. गावात लिनक्स वापरणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. काम संथ आहे, नियम किचकट आहेत, सगळे स्वयंसेवक, त्यामुळे उत्तरासाठी आठवडेच्या आठवडे थांबावं लागतं. मी कुणाला भुलवत नाही. पण केरळच्या मंडळींकडे बघा. त्यांनी आपल्या मल्याळम लिपीचे फॉन्ट स्वतः सांभाळून डेबियनमध्ये पोचवले आणि तिथल्या सरकारी शाळा लिनक्सवर शिकवतात. आम्हालाही या भांडाराचा लाभ आधीच झाला आहे. ज्या पुस्तिकांच्या फायली मिळाल्याच नाहीत, त्यांची छापील पानं आम्ही स्कॅन केली आणि टेसरॅक्ट नावाच्या प्रोग्रामनं ती वाचून घेतली. त्याची मराठीची पुडी भांडारात तयार होती. ती बांधणाऱ्याला आपण ओळखत नाही. त्याला बुऱ्हाणपूर ठाऊक असण्याचं कारण नाही. तरी आपली चार व्याख्यानं त्याच्यामुळे वाचली.

आणि एक गोष्ट मला या कारभारात सगळ्यांत जास्त भावली. पॅकेज सांभाळणारा थकला, आजारी पडला, वारला, तर ते पॅकेज "अनाथ" म्हणून जाहीर करतात. यादी सगळ्यांना दिसते. मग कुणीतरी पुढे येऊन ते दत्तक घेतो. हेच शब्द आहेत त्यांचे. माझा कंपाउंडर वही घेऊन गेला तेव्हा अशी सोय असती तर! मी साठी ओलांडली आहे. पुतण्या उद्या परदेशी जाईल. त्या प्रोग्राममध्ये पुन्हा कुठे दर्या आणि दऱ्यांचा घोळ निघाला, तर तो सांगायची एक ठरलेली जागा असेल आणि दुरुस्त करणारा कुणीतरी असेल. पेन ड्राइव्हला वारस नसतो.

आता तिसरी हरकत, आणि तिच्यासाठीच मी आज इथे उभा आहे. प्रोग्राम नीट चालतो की नाही हे तपासायला आम्ही त्याच्याबरोबर नमुन्याची पानं जोडली होती. जुन्या फॉन्टमधलं पान आणि त्याचं बरोबर युनिकोड रूप. दर वेळी बदल केला की यंत्र ती पानं तपासतं आणि सातपुड्यात पुन्हा समुद्र आला तर लगेच ओरडतं. ही पानं आपल्या व्याख्यानमालेतली आहेत. सदस्यानं विचारलं: ही कुणी लिहिली? त्यांची परवानगी आहे का? आमच्याकडे उत्तर नव्हतं. मंडळाचीच पुस्तिका, म्हणून गृहीत धरलं होतं. पण शब्द व्याख्यात्यांचे, आणि ते गेल्यावर हक्क त्यांच्या वारसांचे. इतकी वर्षं आपण छापत आलो आणि कुणालाही लेखी काही विचारलं नाही, हेही मला तेव्हाच कळलं.

अशी सहा व्याख्यानं आहेत. प्रत्येकातली दोनच पानं हवी आहेत. त्या घरची मंडळी बहुतेक आज इथे आहेत. बाहेर टेबलावर अर्ध्या पानाची संमतिपत्रं ठेवली आहेत. सही करण्यापूर्वी नीट वाचा. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की ही दोन पानं मुक्त होतील. कुणीही ती घेईल, बदलेल, विकेलही, फक्त मूळ लेखकाचं नाव त्यांच्याबरोबर राहील. बाकीचं व्याख्यान तुमचंच, त्याला हात लागणार नाही. ज्यांना मनातून पटत नसेल त्यांनी खुशाल नाही म्हणावं. मी स्वतः दीड महिना नाहीच म्हणत होतो. सगळ्यांनी नकार दिला तर आम्ही नवी वाक्यं रचून नमुने करू. पण तुमच्या वडिलांच्या भाषणात इथल्या बोलीचे जे शब्द आणि जी जोडाक्षरं आहेत, ती मला रचता येणार नाहीत.

नेपानगरच्या गिरणीनं देशात पहिल्यांदा वृत्तपत्री कागद बनवला, ती आपल्याच जिल्ह्यातली. त्या कागदावर काय छापलं जाईल हे गिरणीनं कधी विचारलं नाही.

सुरुवात मी माझ्यापासून करतो. आज मी जे बोललो त्याचं टंकलिखित या पुस्तिकेत छापून येईल. त्यातली पहिली दोन पानं मी आमच्या पुतण्याला त्या जुन्या फॉन्टमध्ये टंकून दिली आहेत आणि माझं संमतिपत्र सही करून चिटणीसांकडे दिलं आहे. त्यात दर्या आणि दऱ्या दोन्ही आहेत, आचार्य आणि आचारी दोन्ही आहेत. सातवा नमुना म्हणून ती चालतील. उरलेल्या सहांची मी वाट पाहतो आहे. दवाखाना संध्याकाळी सहा ते नऊ उघडा असतो.